किल्ली कोणाच्या हाती : एका परवान्याचे वाचन

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर या गावाला महानुभावांची काशी म्हणतात. गोविंदप्रभूंचे वास्तव्य येथे झाले आणि येथल्याच वाजेश्वरीच्या परिसरात म्हाइंभटांनी इ. स. १२७८ च्या सुमारास चक्रधरस्वामींच्या लीळा शब्दबद्ध केल्या. मराठीतील हा पहिला मोठा गद्यग्रंथ. ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांना गाठावे, प्रसंग त्यांच्या तोंडून ऐकावा, दुसऱ्याच्या आठवणीशी ताडून पाहावा आणि मगच तो नोंदवावा, असा म्हाइंभटांचा शिरस्ता होता. लूकने आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी स्वतःच्या लेखनाविषयी जे सांगितले आहे ते आठवणाऱ्या ख्रिस्ती वाचकाला हा शिरस्ता परका वाटणार नाही.

या वाङ्मयाची भाषा मराठीच का, यामागेही एक निर्धार होता. संस्कृतात रचना करू पाहणाऱ्या विद्वान शिष्याला नागदेवाचार्यांनी थांबवले, कारण त्यामुळे पंथातल्या म्हाताऱ्याकोताऱ्या वंचित राहिल्या असत्या. आणि तरीही पुढच्या पिढ्यांत याच वाङ्मयाला कुलूप लागले. चौदाव्या शतकापासून पंथाचे ग्रंथ सांकेतिक लिप्यांत उतरवले जाऊ लागले. सकळ, सुंदरी, पारमांडल्य, अंक, शून्य, सुभद्रा ही त्यांतली काही नावे. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर येते. पोथी समोर उघडी आहे, प्रत्येक अक्षर स्वच्छ दिसते आहे, पण अर्थ मात्र बंद. ग्रंथांचे पावित्र्य राखण्याची भावना, परचक्राची धामधूम, अशी निरनिराळी कारणे अभ्यासक देतात. त्यांत येथे शिरण्याचे कारण नाही. परिणाम मात्र सर्वांना ठाऊक आहे : विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी लिपीचा उलगडा करेपर्यंत आणि वि. ल. भावे, य. खु. देशपांडे, ह. ना. नेने, वि. भि. कोलते यांच्यासारख्यांनी हे ग्रंथ पुढे आणेपर्यंत मराठी भाषेला आपल्या पहिल्या गद्याची ओळख नव्हती. न वाचलेल्या ग्रंथांविषयी गैरसमज फार लवकर वाढतात, तसे ते या पंथाविषयीही वाढले.

प्रस्तुत लेख महानुभाव वाङ्मयाविषयी नाही. तो एका परवान्याविषयी आहे, आणि परवाना हाही एक वाङ्मयप्रकार आहे असे मानून लिहिला आहे. रिद्धपूरची आठवण आरंभीच केली ती अशासाठी की, या परवान्याने जो प्रश्न विचारला तो मला प्रथम सकळ लिपीच्या पोथीपुढेच नीट समजला. एखादी संहिता वाचकाच्या हाती आहे, पण तिची किल्ली नाही. अशा वेळी ती संहिता त्याला मिळाली असे म्हणावे काय?

या परवान्याचे नाव ‘ग्नू जनरल पब्लिक लायसन्स’. संगणकाच्या व्यवसायातली माणसे त्याला जीपीएल म्हणतात. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांनी हे नाव ऐकलेले नसेल, पण ज्यांच्या खिशात अँड्रॉइडचा मोबाइल आहे त्यांच्या खिशात हा ग्रंथही आहे. सेटिंग्जमध्ये जावे, फोनविषयीच्या कायदेशीर माहितीचे सदर उघडावे, तेथे परवान्यांची न संपणारी यादी दिसते. तीत हा आहे. इतक्या प्रती निघालेला आणि इतका न वाचलेला मजकूर दुसरा क्वचितच असेल. (विवाहाच्या निमंत्रणपत्रिकेखालचा ‘आपले नम्र’ हा भाग सोडून.)

त्याची जन्मकथा छपाईच्या यंत्रापासून सुरू होते. १९८० च्या आसपास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचे नवे लेसर छपाईयंत्र आले. त्यात कागद वारंवार अडके. रिचर्ड स्टॉलमन या तरुण संगणकज्ञाने जुन्या यंत्राच्या आज्ञावलीत अशी सुधारणा केली होती की, कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना आपोआप निरोप जावा. नव्या यंत्रात त्याला तेच करायचे होते. पण नव्या यंत्राबरोबर मूळ संहिता, म्हणजे माणसाला वाचता येईल अशा रूपातील सोर्स कोड, आलीच नव्हती. आले होते ते फक्त यंत्रालाच समजेल असे रूप. ज्याच्यापाशी ती संहिता होती त्या दुसऱ्या विद्यापीठातील संशोधकाकडे स्टॉलमन गेला. त्याने गुप्ततेचे वचन दिले होते. त्याने नकार दिला. हा नकार स्टॉलमनने आपला वैयक्तिक अपमान मानला नाही. शेजाऱ्याला मदत न करण्याचे वचन आधीच देऊन बसलेला समाज कसा असेल, हा विचार त्याला पडला. १९८३ च्या सप्टेंबरात त्याने ‘ग्नू’ हा प्रकल्प जाहीर केला, १९८५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर प्रतिष्ठान स्थापन केले आणि १९८९ मध्ये या परवान्याची पहिली आवृत्ती काढली. दुसरी आली १९९१ मध्ये.

स्टॉलमन नास्तिक आहे. व्याख्यानांच्या शेवटी झगा घालून, डोक्यामागे संगणकाच्या जुन्या तबकडीचे प्रभावलय लावून तो आपल्या संत इग्नेशियसांच्या नावाची थट्टा करतो, हे आपल्या वाचकांना रुचणार नाही. मलाही रुचत नाही. पण त्याच्या पहिल्या जाहीर निवेदनाचा आधार शोधू गेले तर तो मत्तयच्या सातव्या अध्यायात सापडतो. लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसेच आपण त्यांच्याशी वागावे, या सुवर्णनियमाचा तो तेथे नाव घेऊन आधार घेतो : मला एखादी आज्ञावली आवडली, तर ती आवडणाऱ्या दुसऱ्या माणसाला ती दिली पाहिजे. देवाला न मानणारा माणूस कधीकधी देवाच्या शब्दाला आपल्याहून अधिक गंभीरपणे घेतो. असो.

परवान्याचा आशय चार स्वातंत्र्यांत सांगितला जातो. आज्ञावली कोणत्याही हेतूने चालवणे. तिचा अभ्यास करून ती आपल्या गरजेप्रमाणे बदलणे. तिच्या प्रती इतरांना देणे. आणि बदललेल्या प्रतीही इतरांना देणे. संगणकाच्या रीतीप्रमाणे त्यांचे क्रमांक एकपासून नव्हे, शून्यापासून सुरू होतात. या चारही गोष्टी देणाऱ्याने घालायची अट एकच : तुम्हाला जे मिळाले ते पुढच्याला देताना त्याच्याकडून काढून घेऊ नका. कॉपीराइटचा कायदा येथे मोडलेला नाही. त्याच कायद्याचे बळ घेऊन त्याचे तोंड उलट दिशेला वळवले आहे. या युक्तीला ‘कॉपीलेफ्ट’ असे खट्याळ नाव आहे. इंग्रजीतल्या ‘फ्री’ या शब्दाचे ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ असे दोन अर्थ होत असल्याने परवान्याला आरंभीच आपण किमतीविषयी बोलत नसून स्वातंत्र्याविषयी बोलतो आहोत असा खुलासा करावा लागतो. मराठीला हा खुलासा नको. आपल्याकडे शब्दच वेगळे आहेत. तरीही आपली वृत्तपत्रे ‘मोफत सॉफ्टवेअर’ असे छापतात, याला काय म्हणावे?

या चार स्वातंत्र्यांचे मोल आपल्या समाजाला नवे नाही, हे सांगण्यासाठी फार दूर जायला नको. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्या काळी छापण्याचा परवाना म्हणजे धर्मसत्तेची आणि इन्क्विझिशनची संमती. तो मिळाला, पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छपाई झाली. नंतर १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकभाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला. आज त्या तिन्ही छपाईंची एकही प्रत उपलब्ध नाही. ग्रंथ मात्र राहिला. कसा राहिला? गोव्यातल्या आणि तेथून मंगळुराकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हाताने नकला केल्या म्हणून. जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळुरात जी आवृत्ती काढली ती अशा नकलांवरून. लंडनमधील मार्सडेन संग्रहातील देवनागरी प्रत तर आणखी पुढे गेलेली आहे : तिच्यात पोर्तुगीज वळणाचे अनेक ख्रिस्ती शब्द जाऊन संस्कृत शब्द आलेले आहेत. ही नुसती नक्कल नव्हे. ज्याला ग्रंथ मिळाला त्याने तो समजून घेतला, आपल्या लोकांसाठी बदलला आणि पुढे दिला. लीळाचरित्राचेही तसेच झाले. परचक्रात मूळ प्रत गेली, पण हिराइसेसारख्यांच्या स्मरणातून तिचे पाठ पुन्हा उभे राहिले. पाठभेदांची डोकेदुखी संपादकांच्या वाट्याला आली खरी, पण ग्रंथ जगला. ज्याची नक्कल करण्यास वाचक मोकळा असतो त्याच ग्रंथाला आयुष्य असते, हे मराठीतले हे दोन ग्रंथ मला पुरेसे पटवून देतात.

आता कुलपाकडे वळू. दुसऱ्या आवृत्तीला वाटले होते की, मूळ संहिता दिली की सारे दिले. १९९२ पासून लिनक्स ही प्रणाली याच आवृत्तीखाली वाढली. १९९९ मध्ये अमेरिकेत टिवो नावाचे, दूरदर्शनचे कार्यक्रम मुद्रित करून ठेवणारे एक यंत्र विक्रीस आले. त्यात लिनक्स होते. कंपनीने परवान्याचे अक्षरशः पालन केले आणि मूळ संहिता सर्वांना खुली केली. पण यंत्र चालू होताना आतल्या आज्ञावलीवरची अंकीय सही तपासून घेई. संहितेत ग्राहकाने एक ओळ जरी बदलली, तरी सही जुळत नसे आणि यंत्र तिला चालू देत नसे. सही करण्याची किल्ली फक्त कंपनीपाशी. वाचक पोथी वाचू शकतो, तिच्यात बदल करून लिहूही शकतो. फक्त त्याने लिहिलेले त्याच्याच घरातले, त्यानेच पैसे मोजून आणलेले यंत्र वाचणार नाही. रिद्धपूरच्या पोथीची ही नेमकी उलटी बाजू. तेथे अक्षर दिसे पण अर्थ लागत नसे. येथे अर्थ लागतो, पण तो निष्फळ.

या प्रकाराला उत्तर म्हणून तिसऱ्या आवृत्तीचा पहिला मसुदा २००६ च्या जानेवारीत आला. जवळजवळ दीड वर्ष तिच्यावर जगभर जाहीर चर्चा झाली; त्यातली एक परिषद २००६ च्या ऑगस्टमध्ये बंगळुरात भरली. अंतिम पाठ २९ जून २००७ रोजी प्रसिद्ध झाला. त्याच दिवशी अमेरिकेत ॲपलचा पहिला आयफोन दुकानांत आला, ज्यावर कोणती आज्ञावली चालावी हे ठरवण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे ठेवला होता. आपल्या पंचांगात २९ जून हा संत पेत्र आणि संत पौल यांचा सण, आणि किल्ल्या कोणाच्या हाती असतात हे आपल्या चित्रांत कोणत्याही लहान मुलाला दाखवता येते. योगायोगाला अर्थ चिकटवण्याचा मोह मी टाळतो. पण तारीख तीच आहे.

तिसऱ्या आवृत्तीतले सहावे कलम हा माझ्या मते या संहितेचा प्राण आहे. ते म्हणते, थोडक्यात असे : घरगुती वापराच्या यंत्रात ही आज्ञावली घालून ते यंत्र विकाल, तर मूळ संहितेबरोबर ती यंत्रात पुन्हा बसवण्यासाठी लागणारी माहितीही द्या, कार्यपद्धती द्या, आणि अधिकृत करणाऱ्या किल्ल्याही द्या. किल्ली हा शब्द तेथे प्रत्यक्ष आहे. त्याला जोडलेला एक अपवाद मला विशेष अर्थपूर्ण वाटला. आज्ञावली जर अशा ठिकाणी कोरलेली असेल की ती कोणालाच, खुद्द निर्मात्यालाही, बदलता येत नाही, तर ही अट लागू नाही. म्हणजे ज्या कुलपाला किल्लीच नाही ते या परवान्याला चालते. ज्याची किल्ली एकट्या विकणाऱ्याकडे राहते ते चालत नाही. न्याय बंदिस्तपणाचा नव्हे, तो असमानतेचा आहे. इंग्लंडमधील हेरफर्डच्या महामंदिरात ग्रंथ साखळ्यांनी फळीला जखडलेले आहेत. ती साखळी ग्रंथ चोरीला जाऊ नये आणि येणाऱ्या प्रत्येकाला तो जागेवर सापडावा म्हणून होती. सकळ लिपीची किल्लीही संप्रदायातल्या वाचकापाशी होती. या दोन्ही बंधनांवर आक्षेप घेता येतील, पण त्यांत ग्रंथाचा धनी वाचकाविरुद्ध उभा नव्हता. २००९ च्या जुलैत ॲमेझॉन कंपनीने ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून जॉर्ज ऑरवेल यांची विकत घेतलेली पुस्तके दुरूनच पुसून टाकली, आणि त्यांत ‘१९८४’ हेही होते. असे हेरफर्डच्या कोणा ग्रंथपालाला सुचले नसते.

लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स याने तिसरी आवृत्ती स्वीकारली नाही. त्याचे म्हणणे दुर्लक्षिण्यासारखे नाही. मी माझी संहिता दिली. तुम्ही तिच्यात जे सुधाराल ते मला परत द्या. एवढाच आपला व्यवहार. यंत्र कसे बांधावे हा यंत्र बांधणाऱ्याचा प्रश्न, संहितेच्या परवान्याने त्यात बोलू नये. लेखकाच्या बाजूने पाहिले तर हे पुरेसे न्याय्य आहे. पण यात वाचक कोठे आहे? ही देवघेव लेखक आणि छापणारा यांच्यातली; ज्याने यंत्र घेतले तो केवळ गिऱ्हाईक. साहित्यविचारात आपण लेखककेंद्री आणि वाचककेंद्री असे दोन पक्ष मानतो, तसेच हे दोन पक्ष. टोरवाल्ड्सच्या निर्णयामुळे लिनक्सचा गाभा दुसऱ्या आवृत्तीतच राहिला, तोच पुढे अँड्रॉइडमध्ये गेला, आणि म्हणून आपल्या खिशातल्या मोबाइलला सहावे कलम लागू नाही. काही कंपन्या कुलूप उघडू देतात, काही देत नाहीत; ते त्यांच्या मर्जीवर. कंपनीने नवी आवृत्ती पाठवणे थांबवले की आजोबांचा धडधाकट फोन हळूहळू निरुपयोगी होतो, आणि तो जिवंत ठेवू शकणाऱ्या गल्लीतल्या हुशार पोरालाही त्यात हात घालता येत नाही.

परवान्याची इतकी बाजू घेतल्यावर त्याचे दोषही मांडले पाहिजेत. पहिला दोष त्या ‘घरगुती’ या शब्दात आहे. आरंभीच्या मसुद्यांत हे बंधन नव्हते. २००७ च्या मार्चमधील तिसऱ्या मसुद्यात ते आले. धंद्यासाठी यंत्रे घेणाऱ्या संस्था आपले हित पाहण्यास समर्थ असतात, असे त्यामागचे गृहीतक. पण वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर घरगुती वस्तू आहे काय? संशय असेल तेथे ग्राहकाच्या बाजूने अर्थ लावावा असे परवाना म्हणतो खरा, पण ट्रॅक्टर हे बहुधा कोणीही धंद्याचेच साधन ठरवील. अमेरिकेत जॉन डीअर कंपनीच्या ट्रॅक्टरांतील आज्ञावलीच्या कुलपांवरून शेतकऱ्यांना दीर्घकाळ भांडावे लागले. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्या केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हा मोबाइल आणि मोटारींबरोबर शेतीची अवजारेही तिच्या कक्षेत घातली. जे सरकारी समितीला सुचले ते या परवान्याने वगळावे, ही उणीव लहान नाही. दोन एकर कपाशी असलेला माणूस आणि मोठी कंपनी यांना ‘धंदा’ या एकाच शब्दाखाली बसवणारा न्याय शहरातला आहे.

दुसरा दोष भाषेचा. प्रस्तावना मात्र उत्तम आहे. ‘आम्ही’ असे म्हणून ती वाचकाशी सरळ बोलते, आपला हेतू सांगते, आणि जेथे व्यक्तीच्या हातातली वस्तूच तिच्याविरुद्ध उभी केली जाते तेथला अन्याय सर्वांत असह्य, असे स्पष्ट म्हणते. तिच्यात एका माणसाचा आवाज ऐकू येतो. मग शून्य ते सतरा अशी अठरा कलमे सुरू होतात आणि तो आवाज वकिलांच्या घोळक्यात हरवतो. पाच हजारांहून अधिक शब्दांची ही संहिता आहे. तिच्यातले ‘प्रॉपगेट’ आणि ‘कन्व्हे’ हे शब्द मुद्दाम पारिभाषिक करून घेतलेले आहेत, कारण ‘वितरण’ या शब्दाचा कायदेशीर अर्थ देशोदेशी बदलतो. युक्ती समजण्यासारखी आहे. प्रॉपगेट या शब्दाचा आपल्या धर्मसभेतला जुना इतिहास ठाऊक असणाऱ्याला हसूही येईल. पण ज्याच्या हक्कांसाठी हे लिहिले त्याला ते कळत नाही. भरीला, जबाबदारी नाकारणारी कलमे मोठ्या अक्षरांत ओरडून लिहिलेली. अधिकृत पाठ इंग्रजीच. इतर भाषांतली भाषांतरे अनधिकृत राहतात, आणि परवान्याच्या मजकुराची नक्कल कोणीही करावी पण त्यात बदल करू नये, असे त्याच्याच माथ्यावर लिहिलेले आहे. जगातली प्रत्येक संहिता बदलण्याचे स्वातंत्र्य मागणारी संहिता स्वतः अपरिवर्तनीय! कायद्याच्या दृष्टीने हे रास्त असेल. नागदेवाचार्यांना मात्र त्या म्हाताऱ्या आठवल्या असत्या.

लूकच्या अकराव्या अध्यायात येशू नियमशास्त्राच्या पंडितांना जो दोष देतो तो ज्ञानाच्या किल्लीविषयीचा आहे : ती त्यांनी काढून घेतली, स्वतः आत गेले नाहीत आणि जाणाऱ्यांना अडवले. या उताऱ्यावरची बहुतेक प्रवचने पंडितांच्या दांभिकपणावर थांबतात. किल्ली ही वस्तू कोणाची होती, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. अलीकडच्या पोपमहोदयांनी मात्र तो आडवळणाने विचारला आहे. १९९१ च्या ‘चेंतेसिमुस आन्नुस’ या परिपत्रकात जॉन पॉल दुसरे सांगतात की, आता जमिनीइतकीच ज्ञानाची आणि तंत्राची मालकी महत्त्वाची झाली आहे. आणि २००९ च्या ‘कारितास इन वेरिताते’मध्ये बेनेडिक्ट सोळावे श्रीमंत देशांच्या बौद्धिक संपदेविषयीच्या ताठर आग्रहावर, विशेषतः आरोग्याच्या क्षेत्रात, टीका करतात. सृष्टीतील वस्तू सर्वांसाठी आहेत ही आपली जुनी शिकवण. तिच्यात मालकीला स्थान आहे, पण ते दुय्यम. मुक्त सॉफ्टवेअरचा विचार या शिकवणीचा अनुवाद आहे असे मी म्हणणार नाही. शेजारी मात्र आहे. आपल्या देशाचा कायदाही या बाबतीत वाटतो तितका कठोर नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये आलेले ६५-अ हे कलम तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची शिक्षा सांगते, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. अमेरिकेचा १९९८ चा कायदा याहून पुष्कळ व्यापक आहे.

हे सारे आपल्याला किती जवळचे आहे हे मला अलीकडे कळले. आमच्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका १९९० च्या दशकात संगणकावर जुळवली गेली होती. जुन्या धर्मगुरूंच्या आठवणी, पहिल्या कुटुंबांच्या वंशावळी, वऱ्हाडी बोलीतली नाताळची गाणी असे पुष्कळ काही तीत होते. नव्या स्मरणिकेसाठी तो मजकूर हवा होता. तबकडी सापडली, तीवरची फाइल उघडलीही. पण पडद्यावर आली ती अर्थहीन रोमन अक्षरे आणि चिन्हे. त्या काळी मराठी अक्षरे पुरवणाऱ्या प्रत्येक कंपनीची संकेतपद्धती वेगळी. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ मध्येच जागा मिळाली होती, पण छपाईच्या दुकानांपर्यंत ती पोचायला बराच काळ गेला. ज्या कंपनीचा फाँट तिचीच आज्ञावली हवी, आणि ती आज्ञावली चालायला संगणकाच्या पाठीमागे छपाईयंत्राच्या खोबणीत बसवायचा एक आगपेटीएवढा तुकडा हवा. जुळारी त्याला ‘लॉक’च म्हणत. ते लॉक हरवलेले. कंपनीला लिहिले तर तो जुना माल आता आम्ही सांभाळत नाही असे उत्तर. आमचाच मजकूर, आमच्याच माणसांनी लिहिलेला, आम्हाला वाचता येईना. सकळ लिपीला निदान राजवाडे भेटले होते.

शेवटी छापील प्रत समोर ठेवून धर्मग्रामातल्या चार मुलामुलींनी सारा मजकूर पुन्हा टंकित केला. एका मुलीने आपल्या आजीला विचारून गाण्यांतल्या दोन छपाईच्या चुकाही दुरुस्त केल्या. या वेळी ‘मुक्त’ हा फाँट वापरला. मुंबईच्या एक टाइप या गटाने तो केला आहे आणि ‘ओपन फाँट लायसन्स’ या परवान्याखाली सर्वांना दिला आहे. हा परवाना ज्या एसआयएल या संस्थेतून आला तिचे मूळ बायबलच्या भाषांतरकार्यात आहे. ज्या भाषांना लिपीच नव्हती त्यांच्यात शास्त्र पोचवताना अक्षरे वाटता आली पाहिजेत, ही गरज त्यांना इतरांच्या आधी जाणवली असावी. फाँट वापरा, बदला, वाटा. नुसता तोच विकू नका. आणि बदललात तर मूळ राखीव नाव लावू नका. बस्स, एवढेच. दोनएक पानांत संपते, आणि जीपीएलपेक्षा कितीतरी कमी घाम काढते.

फाँटबरोबर परवान्याची फाइल आलीच पाहिजे अशी अट असल्याने तीही आमच्या संगणकावर आली आहे. मुलांना ती वाचता यावी म्हणून मी ती मराठीत उतरवायला घेतली आहे. ‘राखीव नाव’ हे सुचले. ज्यातून दुसरी कृती घडली त्या मूळ कृतीला आणि घडलेल्या कृतीला वेगवेगळे शब्द हवेत. तेथे अडलो आहे. म्हाइंभटांच्या मागून आलेले पाठकर्ते यांना काय म्हणत, ते रिद्धपूरच्या नव्या मराठी भाषा विद्यापीठात कोणाला तरी विचारणार आहे.